धक्क्याचा मार्ग आणि घड्याळे

दिल्ली-कोलकात्याकडे वास्तव्यास असलेल्या मराठी वाचकांना ३१ जुलै २०१२ चा मंगळवार आठवत असेल. दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य या तिन्ही विभागांची वीजयंत्रणा कोलमडली व सुमारे साठ कोटी लोकवस्तीचा पुरवठा खंडित झाला. आदल्याच दिवशी पहाटे उत्तर विभाग असा अंधारात गेला होता. कोणत्या राज्याने हिश्श्यापेक्षा अधिक वीज ओढली यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. तो आवश्यकच होता. परंतु मला अधिक मोलाचा वाटतो तो चौकशी समितीपुढील प्रश्न: धक्का कोठून कोठे गेला?

दोन्ही दिवशी आरंभ बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी बंद पडण्याने झाला. तिच्यात बिघाड नव्हता. अतिभारालाच संरक्षक रिलेने बिघाड मानले. (तिची जोडवाहिनी कामासाठी आधीच बंद होती.) पश्चिमेची वीज मग पूर्व विभागातून वळसा घेऊन उत्तरेकडे वाहू लागली आणि तो मार्गही टिकला नाही.

तारा कोठून कोठे जातात हे नकाशा सांगतो. त्या घटकेला कोण कोणावर विसंबून आहे, हे सांगत नाही. ते नोंदींवरूनच ताडावे लागते. दोन उपकेंद्रांतील विद्युतदाब एकदम हेलकावतो, म्हणून त्यांचा थेट संबंध असेलच असे नव्हे. तिसरेच एखादे केंद्र दोघांना हलवीत असते. आधी कोण, मागून कोण हे ठरवायचे तर सर्वांची घड्याळे जुळलेली हवीत. एखादे दोन सेकंद पुढे असले, तर परिणाम कारणाआधी घडल्यासारखा भासतो आणि निर्दोष केंद्रावर ठपका येतो. उपग्रहाच्या वेळेशी जुळलेली, सेकंदाला पंचवीस नोंदी देणारी फेजर मापनयंत्रे तेव्हा मोजक्याच ठिकाणी होती.

नव्या वाहिनीच्या उद्घाटनास मंत्रिमहोदय येतात. घड्याळ जुळविण्यास कोणी येत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण विभागही जोडला गेला आणि सारा देश एका कंप्रतेवर आला. साहाय्याच्या वाटा वाढल्या, तशा धक्क्याच्याही वाढल्या. म्हणून घड्याळ चुकीचे ठेवणाऱ्या उपकेंद्रास, जादा वीज ओढणाऱ्या राज्याइतकेच जबाबदार धरावे, असे माझे मत आहे. काही सहकाऱ्यांना ते कठोर वाटते. मला वाटत नाही.