‘खाण तशी माती’ म्हणून हात झटकू नका



काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेतील एका ट्रॅकमनने आत्महत्या केली. वय चाळिशीच्या आत. स्मशानात जमलेल्या मंडळींत कुजबुज चालली होती. एक म्हणाला, “वडिलांनीही हेच केले होते. खाण तशी माती.” दुसरा म्हणाला, “पहिल्यापासून तापट आणि एकलकोंडा. स्वभावाला औषध नसते.” मी मान हलवली आणि घरी आलो. रात्री मात्र झोप लागेना. हे सगळे आम्हाला आधीपासून ठाऊक होते, मग आम्ही केले काय? त्याच्या गैरहजेरीची चार्जशीट माझ्याकडेच आली होती. उत्तर मी लिहून दिले, खटपट करून शिक्षाही कमी करून आणली. पण “बाबा रे, तू कामावर का येत नाहीस? झोप लागते का? मनात काय चालले आहे?” हे मी त्याला एकदाही विचारले नाही. केस जिंकली, माणूस गेला.

म्हणून आज पगार, भत्ते, बढती हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून या विषयावर लिहीत आहे. मी मॅट्रिक शिकलेला माणूस, डॉक्टर नाही. पण त्या घटनेनंतर डॉक्टरांना विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजले, ते तुमच्यापुढे ठेवणे माझे कर्तव्य समजतो.

पहिली गोष्ट घराण्याची. आत्महत्येची प्रवृत्ती काही प्रमाणात रक्तातून येते, हे खोटे नाही. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांच्या सरकारी नोंदींवरून एक अभ्यास झाला. तो १९७९ साली प्रसिद्ध झाला. दत्तक गेलेल्या ज्या ५७ जणांनी पुढे आत्महत्या केली, त्यांच्या रक्ताच्या २६९ नातेवाइकांपैकी १२ जणांनीही आत्महत्या केलेली आढळली. तुलनेसाठी घेतलेल्या इतर दत्तकांच्या तितक्याच नातेवाइकांत ही संख्या फक्त २ होती. मुले वाढली दुसऱ्यांच्या घरी, म्हणजे केवळ पाहून शिकलेली ही गोष्ट नव्हे. आपल्या देशातही चेन्नईच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी आत्महत्या केलेल्या १०० व्यक्तींची इतर १०० व्यक्तींशी तुलना केली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या: स्वतःचा मानसिक आजार, कुटुंबातील मानसिक आजाराचा इतिहास आणि नुकताच बसलेला आयुष्यातील मोठा धक्का.

पण बंधूंनो, हेच आकडे उलट्या बाजूने वाचा. डेन्मार्कच्या त्या २६९ नातेवाइकांपैकी २५७ जणांनी आत्महत्या केली नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून नैराश्याच्या आजारात आनुवंशिकतेचा वाटा एक तृतीयांशाहून थोडा अधिक धरला जातो. उरलेला वाटा आयुष्यात काय घडते याचा आहे. म्हणजे कर्ज, दारू, आजारपण, घरातील भांडणे, रात्रपाळी, बदली, साहेबाची बोलणी. यातील पुष्कळ गोष्टींवर आपल्याला काही करता येते.

दुसरी गोष्ट स्वभावाची. नैराश्य आलेला प्रत्येक माणूस आत्महत्येकडे जात नाही. मग कोण जातो? अभ्यासकांचे म्हणणे असे की, जो तडकाफडकी वागतो, रागाच्या भरात टोकाला जातो, त्याला धोका अधिक. घराण्यातून जे येते त्यात नैराश्याबरोबर हा तापटपणाही असतो. ज्याला पुढे सगळा अंधारच दिसतो, त्यालाही धोका अधिक. पूर्वी एकदा प्रयत्न केलेला असेल तर तो फार मोठा इशारा समजावा. आणि या सर्वांत दारू पडली की तेल ओतल्यासारखे होते. पण तडकाफडकी येणारी लाट तशीच ओसरतेही. त्या एक-दोन घटका कोणी जवळ बसले, घातक वस्तू हाताशी राहिली नाही, तर माणूस वाचतो. अशा रीतीने वाचलेले बहुतेक लोक पुढे आत्महत्येने मरत नाहीत, असा जगभरचा अनुभव आहे.

स्वभाव मुळापासून बदलत नसेल, पण नैराश्याला औषध आहे. गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटू लागले म्हणून त्या मनाने बंद करायच्या नसतात.

रेल्वेतील बंधूंना कॉशन ऑर्डर म्हणजे काय ते सांगायला नको. टपालातील बंधूंसाठी सांगतो: पुढे रूळ कच्चा आहे किंवा काम चालू आहे, तेव्हा गाडी हळू चालवा, असा लेखी इशारा गाडीच्या चालकाला दिला जातो. कॉशन ऑर्डर मिळाली म्हणजे गाडी घसरणार असे कोणी म्हणत नाही, आणि ती खिशात घालून कोणी भरधाव गाडीही सोडत नाही. घरातला इतिहास आणि माणसाचा स्वभाव यांकडे असेच पाहावे. तो निकाल नव्हे, सावधगिरीचा इशारा आहे.

मग हा इशारा लपवला का जातो? भीतीमुळे. डॉक्टरकडे मनातले सांगितले तर अनफिट करतील, गाडीवरून खाली उतरवतील, किलोमीटरचा भत्ता जाईल, मुलीच्या लग्नात अडचण येईल. शाखा डाकघरातील ग्रामीण डाक सेवकाला वाटते, हिशोबात चूक झाली तर ‘याचे डोके ठीक नाही’ हेच पुढे करतील. ही भीती खोटी नाही. पण कायदा काय सांगतो तेही माहीत असावे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही की त्याचा दर्जा कमी करता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे आणि तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होता असे धरले जाते, आणि त्याला शिक्षा नव्हे तर उपचार देणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. तेव्हा पोलिसांच्या धाकाने कोणाला घरात दडवून ठेवू नका.

आता आपल्या संघटनेने काय करावे? माझे मत स्पष्ट आहे. गैरहजेरीची प्रत्येक केस हाती घेताना शाखा सचिवाने आधी माणसाला भेटावे, मग कागद पाहावा. चांगला काम करणारा माणूस एकाएकी गैरहजर राहू लागला, झोप-जेवण तुटले, कोणाशी बोलेनासा झाला, ‘माझ्यावाचून कोणाचे अडत नाही’ असे म्हणू लागला, तर सरळ विचारावे: “जीव द्यावा असे मनात येते का?” विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. उलट माणूस मोकळा होतो. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना विश्वासात घ्यावे आणि स्वतः बरोबर जाऊन डॉक्टरकडे न्यावे. ‘घरात पूर्वी असे कोणाला झाले होते’ हेही डॉक्टरला न लाजता सांगावे. मात्र त्याची गोष्ट चहाच्या टपरीवर न्यायची नाही, ही पहिली अट. प्रशासनाकडे आपली मागणीही ठेवावी: अशा केसमध्ये चार्जशीटच्या आधी वैद्यकीय तपासणी, आणि प्रत्येक विभागीय रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ.

आपले बरेच मराठी बंधू इटारसी, हुबळी, सिकंदराबाद, खडगपूर अशा ठिकाणी घरापासून दूर नोकरी करतात. मनातले दुःख परक्या भाषेत सांगता येत नाही. त्यांनी लक्षात ठेवावे: केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन विनामूल्य आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक युनियन ऑफिसच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहावा.

त्या ट्रॅकमनचा मुलगा आज कॉलेजात आहे. त्याच्या घराण्यात आता दोन नोंदी झाल्या आहेत. लोक त्याच्याकडे बोट दाखवून ‘खाण तशी माती’ म्हणतील. मी मात्र दर महिन्याला त्याच्या घरी जातो, चहा घेतो आणि वडिलांना कधी न विचारलेला प्रश्न त्याला विचारतो. बंधूंनो, तुमच्या शाखेतही असे एखादे घर असेल. या आठवड्यात तिथे जाऊन या.