लूप, लेहरा आणि झाडीपट्टीचा झीलकरी

१/ भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात मंडया भरू लागतात. साकोली, लाखनी, लाखांदूरकडच्या गावांत दंडार, खडी गंमत आणि रात्रभर चालणारे झाडीपट्टीचे नाटक यांचा हंगाम सुरू होतो. ऑर्गन, तबला, ढोलक यांच्या शेजारी आता ऑक्टोपॅडही आला आहे. त्याच्यावरून दोन मते मोठ्या आवाजात मांडली जातात. दोन्ही इतिहासापुढे टिकत नाहीत.

२/ पहिले मत : यंत्राने लोककला मारली. दुसरे मत : लूप ही आपल्या आवर्तनाचीच पाश्चात्त्यांनी केलेली चोरी, तेव्हा ती परत घेण्यात गैर काय? पहिल्या मतात भीती आहे, दुसऱ्यात पोकळ अभिमान. खरा प्रश्न दोघांच्याही हातून सुटतो.

३/ आधी तंत्र समजून घेणे आवश्यक आहे. वादक एक छोटा तुकडा वाजवतो. यंत्र तो टिपून घेते आणि लगेच पुन्हापुन्हा वाजवू लागते. वादक त्यावर दुसरा थर चढवतो, मग तिसरा. आणि या पायावर उत्स्फूर्त वादन उभे करतो. यालाच लाइव्ह लूपिंग म्हणतात.

४/ १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफर यांनी ध्वनिमुद्रिकेची खाच बंद वर्तुळात फिरवली. सुई पुढे न सरकता त्याच आवाजावर परत येऊ लागली. १९६३ मध्ये पॅरिसमध्येच टेरी रायली यांच्यासाठी दोन टेपरेकॉर्डर एकाच फितीने जोडण्यात आले. पहिला चेट बेकर यांच्या ट्रम्पेटचे सूर टिपी आणि फीत पुढे सरकताच दुसरा तेच सूर ऐकवी.

५/ हेच रायली पुढे किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. पण ते १९७० मध्ये. फितीचा प्रयोग त्याच्या सात वर्षे आधीचा. चोरीचा आरोप इथेच कोसळतो. पुनरावृत्तीचा शोध अनेक समाजांनी आपापल्या वाटेने लावला आहे. त्यावर कोणाचीही मालकी नाही.

६/ नावाचाही घोळ आहे. १९८५ साली आलेल्या रोलँडच्या मूळ ऑक्टोपॅडला आठ पॅड होते, पण स्वतःचा आवाज नव्हता. तो दुसऱ्या वाद्याला केवळ संकेत पाठवी. आवाज साठवून बोटांनी वाजवण्याची सोय १९८८ च्या आकाई एमपीसी ६० ने लोकप्रिय केली. पायाने चालणारे बॉसचे आरसी-२० हे लूपयंत्र २००१ चे आणि रोलँडचा एसपीडी-एसएक्स हा सॅम्पलिंग पॅड २०११ चा. मराठी मुलुखात मात्र कोणत्याही पॅडला सरसकट 'ऑक्टोपॅड' म्हणतात.

७/ आता पहिल्या मताकडे. यंत्र परदेशी म्हणून त्याज्य, हा युक्तिवाद झाडीपट्टीत तर मुळीच चालणार नाही. ज्या ऑर्गनवर तिथले नाटक उभे आहे, तोही परदेशातूनच आला. हार्मोनियमवर तर आकाशवाणीने १९४० मध्ये बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत टिकली. तरीही पेटी मैफलीतून हटली नाही, कारण ती गायकाच्या मागे चालायला शिकली.

८/ पुनरावृत्तीही इथे नवी नाही. तबल्याच्या स्वतंत्र वादनात पेटीवाला किंवा सारंगिया एकच लेहरा सतत वाजवतो. तमाशाच्या परंपरेत शाहिरामागे झीलकरी सूर धरतात. तमाशाच्याच कुळातल्या खडी गंमतीतही ढोलकी-तुणतुण्याच्या आधारावर शाहीर आणि सोंगाड्या आयत्या वेळी संवाद रचतात. पाया स्थिर आणि वरचा खेळ मोकळा, हीच रचना.

९/ भेद इथून सुरू होतो. लेहरा धरणारा ऐकत असतो. तबलजीची लय किंचित चढली, तर तोही चढतो. सोंगाड्याच्या वाक्याला हशा पडला आणि त्याने प्रसंग लांबवला, तर ढोलकीवाला हात आवरतो. यंत्रात आठ मात्रा चार सेकंदांत टिपल्या, तर त्या पहाटेपर्यंत चार सेकंदांतच वाजतील. माणसाने हस्तक्षेप केल्याशिवाय हसू, हुंदका, विसरलेले वाक्य यांपैकी कशाचीच त्यांना दखल नसते.

१०/ म्हणून कसोटी यंत्राची नसून वापराची आहे. तुकडा त्याच रात्री, त्याच मंचावर, वादकाच्या हातून टिपला गेला आणि तो मोडण्यासाठी त्याचा पाय सज्ज असला, तर ते लेहऱ्याचेच नवे रूप आहे. बाहेरून विकत आणलेला तयार तुकडा रात्रभर चालू ठेवून त्यावर नट नाचवणे हे उत्स्फूर्त संगीत नव्हे. तिथे यंत्र साथ करीत नाही. नटच यंत्राची साथ करतो.

११/ खर्चाचा मुद्दा पुढे केला जातो : एक पॅड तिघांचे काम करतो. हे कारण प्रामाणिक आहे. मंडळी चालवणे सोपे नाही. पण मग त्याला काटकसर म्हणावे, कलेची प्रगती म्हणू नये. कारण मागे सूर धरणाऱ्या पोराची जागा ही शिकण्याची जागा असते. शाहीर कुठे थांबतो, नट कुठे चुकतो, चूक कशी सावरतो, हे तो रोज तिथूनच पाहतो. त्या जागी लूप बसवला की आजचा मेहनताना वाचतो आणि उद्याचा शाहीर गमावला जातो.

१२/ दुसरी हानी आवाजाची. सॅम्पलर रिकामे भांडे आहे. त्यात जे भराल तेच वाजेल. शहरी बाजारातले तयार ढोल भरले, तर पवनीपासून पुण्यापर्यंत एकच ढोल ऐकू येईल. त्याच यंत्रात झाडीपट्टीच्या ढोलकीची थाप, तुणतुण्याची तार, दंडारीतल्या पावलांचा ठेका मावू शकतो. तो आवाज भरण्यात कुचराई झाली, तर दोष यंत्राचा नाही.

१३/ तेव्हा यंत्राला हाकलण्याचीही गरज नाही आणि त्याची आरती ओवाळण्याचीही नाही. मंडळींनी दोन नियम पाळले तरी पुरे : लूप मंचावरच टिपावा आणि पॅडशेजारी सूर धरणारा एक जिवंत माणूस ठेवावा. प्रेक्षकांचेही काम आहे. येत्या मंडईत नट वाक्य विसरला, तर मागचे वाद्य थांबते की तसेच वाजत राहते, याकडे कान द्यावा.