हेडसेट आधीं कोणाचा तपासावा?

गेल्या वर्षींच्या आमच्या स्नेहसंमेलनांत एक प्रकार घडला. प्रेक्षक तो केव्हांच विसरले असतील. परंतु ज्या मुलीस आम्हीं त्या रात्रीं दहा जणांदेखत बोल लाविला ती विसरली नाहीं, आणि आम्हीही विसरलों नाहीं.

पूर्वीं नाटकाचा सारा कारभार घंटेवर चाले. तिसरी घंटा झाली कीं पडदा वर गेलाच! हल्लीं शाळांच्या संमेलनांतूनही बिनतारी इंटरकॉम आला आहे. रंगमंचाच्या बाजूस एका मेजावर त्याचें मूळ यंत्र, म्हणजे बेस-स्टेशन, असतें; पडद्याजवळच्या, दिव्यांजवळच्या व ध्वनियंत्राजवळच्या मुलांच्या कमरेस एकेक छोटी पेटी असते; आणि प्रत्येकाच्या डोक्यास हेडसेट. जुन्या शहरांतील आमच्या त्या मांडवांत बेस-स्टेशनवर आम्ही स्वतः बसलों होतों. पडदा सरकला, पांचवींतील एक चिमुकला मोरपिसांची टोपी घालून वासुदेवाच्या वेषांत अंधारांत उभा राहिला, आणि आम्हीं हुकूम दिला, ‘दिवे!’ दिवे लागले नाहींत. पुन्हां म्हटलें, तरी नाहींत. मागून शिट्ट्या सुरू झाल्या व पोर रडत आंत पळालें. दिव्यांजवळच्या मुलीनें आपल्या हेडसेटचा आवाज अगदीं कमी करून ठेविला होता, असें उघडकीस आलें, आणि आमचा सारा राग तिच्यावर निघाला.

भाड्यानें आणलेलें तें यंत्र दुसऱ्या दिवशीं परत करण्यापूर्वीं आम्हीं नीट पाहिलें, तेव्हां दोष कोठें होता तें कळलें. बेस-स्टेशनवर साईडटोनची एक कळ असते. आपण बोललेलें आपल्याच कानीं किती मोठ्यानें यावें, हें ती ठरविते. ती कळ पुरती वर चढलेली होती. आपलाच आवाज कानांत घणघणूं लागला कीं माणूस नकळत हळू बोलतो. तो ऐकूं येईनासा झाला कीं ओरडतो. गोंगाटांत माणसाचा आवाज आपोआप चढतो, हें फ्रेंच कर्णवैद्य एतिएन लोंबार यानें १९११ सालीं मांडलें. आमचें झालें तें नेमकें उलट. त्यांत आमच्या माईकची दांडी तोंडाजवळ नसून चष्म्याच्या काडीशीं टेंकलेली! आम्ही कुजबुजत होतों, आणि समजत होतों कीं गर्जत आहों. कांहींच ऐकूं येईना म्हणून मुलांनीं आपापला आवाज शेवटपर्यंत चढविला. इतक्यांत बाजूच्या गल्लींतून वरात निघाली. गल्लीकडच्या एका मुलाच्या माईकची कळ उघडी राहिली होती. तींतून तो बँड सर्वांच्या कानांत एकदम शिरला. त्या मुलीनें आवाज खालीं आणला. तिच्या जागीं आम्ही असतों तर हेडसेटच फेंकून दिला असता.

आमचे कांहीं सहकारी म्हणतात, मुलांच्या हातीं असलीं यंत्रें देऊंच नयेत. आम्हांस तें मान्य नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं हेडसेट बसविणें हा तालमीचाच भाग समजावा, आणि त्याची सुरुवात बेस-स्टेशनवर बसणाऱ्यापासून व्हावी. मग तो मुख्याध्यापक असो कीं विद्यार्थी. त्यानें प्रथम माईक ओठांच्या कोपऱ्याशीं, दोन बोटांच्या अंतरावर आणावा. अगदीं तोंडासमोर नको, श्वासाचे फटकारे ऐकूं जातात. साईडटोन इतकाच ठेवावा कीं नेहमींच्या आवाजांत बोलतां यावें. मग एकेकास हांक मारावी. पण ‘ऐकूं येतें काय?’ असें विचारूं नये. भिडस्त मूल नेहमीं ‘होय’च म्हणतें. एखादा आंकडा सांगावा आणि तो परत म्हणवून घ्यावा. ही तपासणी ढोल वाजत असतां करावी. आम्हीं ती भर दुपारीं ओस मांडवांत केली होती, आणि त्या वेळीं आमच्या व्यवस्थेचें आम्हांस मोठें कौतुक वाटलें होतें. दोन घट्ट वेण्या घालणाऱ्या मुलीच्या डोक्यावर हेडसेटचा पट्टा ठरत नाहीं. तो लहानमोठा करून देण्यास एक मिनिट लागतें. तें मिनिटही आम्हीं दिलें नव्हतें. बोलणें संपलें कीं माईक बंद, ही संवय मात्र प्रत्येकास हवीच.

पालकांनीं हेंही ध्यानांत घ्यावें कीं त्या मुलीनें आवाज कमी केला तो आपले कान वांचविण्यासाठीं. मुलांनीं यंत्र कानीं लावून ऐकावयाचें तर ७५ डेसिबल आवाज आठवड्यास ४० तास, ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनें सुचविली आहे. आवाज दर तीन डेसिबलनें चढला कीं वेळ निम्म्यावर येतो. घरीं मोबाईलचा हेडसेट लावून बसलेल्या मुलास शेजारीं बसून मारलेली हांक ऐकूं येत नसेल, तर रागावण्यापूर्वीं आवाजाची खूण कोठवर गेली आहे तें पाहावें.

त्या मुलीची क्षमा आम्हीं वर्गांत मागितली आहे. परंतु बोल चारचौघांत लाविला होता, म्हणून येथें छापून पुन्हां मागतों. यंदा बेस-स्टेशनवर तीच बसणार आहे. तिनें एक अट घातली आहे: दिव्यांजवळची पेटी आम्हीं कमरेस बांधावी, आणि ती विचारील तो आंकडा परत म्हणून दाखवावा. आम्हीं ती मान्य केली आहे.