खलनायकाचे बालपण मुलांपासून लपवू नका

बहादूर हा डाकूचा मुलगा. बाप भैरवसिंह पोलिसांच्या गोळीने मरतो आणि त्याच कारवाईतला पोलीस अधिकारी विशाल या पोरक्या पोराला वाढवतो. सुडाने पेटलेल्या बहादूरला बापाची खरी करणी कळते, तेव्हा तो डाकूंच्याच विरोधात उभा राहतो. आबिद सुरती यांचा हा नायक १९७६ मध्ये इंद्रजाल कॉमिक्समध्ये आला. बाप वाईट होता आणि तरी तो बाप होता, ही अवघड गोष्ट शाळकरी वाचकांना बिनबोभाट पचली.

आज मात्र शाळेची पुस्तकपेटी भरताना मोठ्यांचा हात थोरांची चरित्रे आणि बोधकथा यांच्यापलीकडे सहसा जात नाही. मुलांचा गोंधळ उडेल, ही धास्ती. ती जुनीच आहे. अमेरिकेत १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांच्या पुस्तकाने कॉमिक्सविरुद्ध काहूर उठवले आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. विजय प्रत्येक वेळी चांगल्याचाच, आणि गुन्हेगाराविषयी कणव नको.

तरीही त्याच चौकटीत १९६२ मध्ये स्पायडरमॅन जन्मला. आपल्याला काय करायचे आहे, अशा गुर्मीत पीटर पार्कर एका चोराला पळू देतो आणि तोच चोर पुढे त्याच्या बेनकाकांचा जीव घेतो. एक्स-मेनमधल्या मॅग्नेटो या खलनायकाचे बालपण १९८१ मध्ये उलगडले: तो ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेला मुलगा निघाला. आपल्या माणसांवर पुन्हा ती वेळ येऊ नये म्हणून तो साऱ्या जगाला वेठीला धरतो. बॅटमॅननेही लहानपणी आईवडिलांचा खून डोळ्यांदेखत पाहिला आहे. घाव दोघांनाही बसला, वाटा मात्र वेगळ्या झाल्या. आपल्यावर अन्याय झाला म्हणून आपण काहीही करावे का? हा प्रश्न वर्गात रोज चिडवल्या जाणाऱ्या पोरालाही पडतोच. त्याला तो विचारायला गोष्ट हवी.

तलासरी-डहाणूच्या मुलांना तर हा प्रश्न वारशातच मिळाला आहे. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात किसान सभेच्या मेळाव्याला हजारो वारली आदिवासी जमले आणि यापुढे वेठ करायची नाही, असे ठरले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराचे लग्नगडी होऊन राबत, ती प्रथाही त्या लढ्याने मोडली. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला; जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. जमीनदारांच्या लेखी हे लोक दंगेखोर होते, पाड्यावर ते हुतात्मे आहेत. नायक कोण हे चित्र काढणाऱ्यावर ठरते, हे इथल्या मुलाला शिकवावे लागत नाही. शेजारच्या जव्हार-मोखाड्यात बोहाड्याच्या रात्री गावातलाच ओळखीचा माणूस राक्षसाचा मुखवटा चढवून नाचतो, आणि मुले त्याला भितातही, ओळखतातही.

म्हणूनच इंद्रजालच्या वेताळाकडे, म्हणजे फँटमकडे, इथून पाहिले की खटकते. ली फॉकने १९३६ मध्ये घडवलेला हा गोरा वीर पिढ्यान् पिढ्या जंगलात कवटीच्या सिंहासनावर बसतो आणि जंगलातले बुटके लोक त्याची सेवा करतात. त्यांना ना बालपण, ना शंका, ना राग. मराठी वाचकांनी वेताळावर मनापासून प्रेम केले. पण जंगलातल्या पाड्यावरचे मूल त्या पानात स्वतःला शोधू लागले, तर त्याला सिंहासनाच्या पायाशीच जागा मिळते. मुलांचे नुकसान होते ते अशा सपाट पात्रांनी.

याच पट्ट्यात, बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम मांडले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा कुरणशाळा निघाली. मूल जिथे आहे तिथून सुरुवात, हा त्यांचा आग्रह पुस्तकांनाही लागू व्हायला हवा.

अर्थात सरसकट सगळेच हातात देऊ नये. ‘वॉचमेन’सारखे कॉमिक प्रौढांसाठीच आहे, त्यातली हिंसा दहा वर्षांच्या मुलापुढे ठेवायची नाही. पण रक्तपात टाळणे वेगळे आणि मनातली गुंतागुंत टाळणे वेगळे.

आश्रमशाळांच्या ग्रंथालयांत बहादूर आणि स्पायडरमॅन मराठीत असावेत, ही पहिली मागणी. दुसरी मराठी प्रकाशकांकडे: १९४५ च्या लढ्यावर मुलांसाठी चित्रकथा काढा. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या गंजाडच्या परिसरात चित्रातून गोष्ट सांगणारे हात आजही आहेत. त्या चित्रकथेत मोर्चाला जाताना घाबरलेला वारली मुलगा असावा आणि वेठीवरच्या पोरांसोबत खेळून वाढलेला जमीनदाराचा मुलगाही असावा. तो कोणत्या बाजूला उभा राहील, हे शेवटच्या पानापर्यंत कळू नये.