वीज जाणारच, हे गृहीत धरून

1 डिसेंबर 2025 रोजी मेमरीचे भाव चढल्याचे कारण देऊन रास्पबेरी पायच्या बोर्डांच्या किमती वाढवण्यात आल्या आणि ‘पाय 5’ या बोर्डाची 4 जीबीची आवृत्ती 60 डॉलरवरून 70, 8 जीबीची 80 वरून 95, तर 16 जीबीची 120 वरून 145 डॉलरवर गेली. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांचे उत्पादन आपल्याकडे ओढून घेतल्यामुळे ही वाढ झाली असून तिच्यावर पुण्यातल्या किंवा नाशिकमधल्या लघुउद्योजकाचा काहीही ताबा नाही. या मासिकाकडे त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत हीच तक्रार आहे, आणि ज्यांनी ग्राहकांना वर्षभराचे दर आधीच बांधून दिले आहेत त्यांच्या बाबतीत ती रास्तही आहे. मात्र याच पत्रांतून भाववाढीवर शोधलेला एक उपायही समोर येतो आणि तो दुखण्यापेक्षा घातक आहे. बोर्डावरच साठवणुकीची चिप, म्हणजे ईएमएमसी, बसवलेले कम्प्यूट मॉड्यूल सोडून द्यायचे, त्याची साठवणूक नसलेली ‘लाइट’ आवृत्ती घ्यायची आणि तिला बाजारातले सुटे, बिनपावतीचे मायक्रोएसडी कार्ड जोडायचे, असा हा उपाय आहे. वाचकांच्या पत्रांत वर्षानुवर्षे ज्या एका दोषाचा उल्लेख सर्वाधिक वेळा येतो, त्या दोषालाच असे आमंत्रण दिले जात आहे.

हे बोर्ड म्हणजे विद्यार्थ्यांचे खेळणे, असे म्हणून विषय झटकण्याचे दिवस संपले आहेत. 29 फेब्रुवारी 2012 रोजी 35 डॉलरला विक्रीस आलेला पहिला रास्पबेरी पाय मुलांना प्रोग्रामिंग शिकवण्यासाठी होता, हे खरे. परंतु 2024 साली ही कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरली, तेव्हा तिच्या एकूण विक्रीतील सुमारे 72 टक्के नग उद्योगात आणि इतर उत्पादनांच्या पोटात जात असल्याचे तिनेच जाहीर केले होते. यंत्रांच्या उत्पादनाची नोंद ठेवणारे लॉगर, मीटरांचे आकडे मोडबसवरून गोळा करून पुढे पाठवणारे गेटवे, वजनकाट्याचे छपाईयंत्र चालवणारे संच, अशा अनेक उत्पादनांत आज हा बोर्ड डिन रेलवर बसलेला दिसतो. तेव्हा बोर्ड वापरावा की नाही, हा प्रश्न उरलेला नाही. बोर्ड पीएलसीच्या शेजारी बसवला म्हणजे तो पीएलसीसारखा वागेल, या समजुतीने उत्पादन विकावे की नाही, हा प्रश्न आहे.

‘कार्ड करप्ट झाले’ हे वाक्य या व्यवसायात इतके रुळले आहे की त्यामागचे कारण शोधण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली आहे. फ्लॅश मेमरीत माहिती लहान पानांमध्ये लिहिली जाते, पण ती पुसताना मात्र अनेक पानांचा मोठा ब्लॉक एकदम पुसावा लागतो, आणि त्यामुळे कार्डातला नियंत्रक माहिती सतत एका ब्लॉकमधून दुसऱ्यात हलवत असतो व कोणती माहिती सध्या कोठे आहे याचा नकाशा स्वतःकडे ठेवतो. हा नकाशा बदलला जात असतानाच वीज गेली, तर ज्या फाइलला प्रोग्रामने हातही लावलेला नव्हता ती फाइलसुद्धा हरवू शकते. ईएक्सटी4 या फाइल प्रणालीत बदल करण्यापूर्वी त्यांची नोंद करून ठेवणारे जर्नल असते, म्हणून भीती नाही, असे अनेकजण मानतात. परंतु जर्नल फाइल प्रणालीचे रक्षण करते, तिच्याखालच्या नियंत्रकाच्या नकाशाचे नाही, कारण तो नकाशा लिनक्सला दिसतच नाही. ईएमएमसीतही हेच तंत्र असते, त्यामुळे तीही या धोक्यापासून मुक्त नाही. मात्र तिला सैल होणारा सॉकेट नसतो आणि तिची निवड बोर्ड बनवणाऱ्याने केलेली असते, तर सुट्या कार्डाच्या आत कोणता नियंत्रक आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. कार्डावर छापलेली क्षमता खरी आहे की नाही, हे एफ-थ्री या मोफत प्रोग्रामने तपासता येते, परंतु तेवढीही तपासणी न करता कार्डे संचात बसवली जात असल्याचे आलेल्या पत्रांवरूनच दिसते.

कारखान्यात वीज कशी जाते, याचाही विचार डिझाइन करणाऱ्याने टेबलावरून उठून करायला हवा. पाळी संपली की ऑपरेटर पॅनेलचा मुख्य आयसोलेटर खाली ओढतो, आणि त्यात त्याची काहीही चूक नाही, कारण यंत्र बंद करण्याची त्याला शिकवलेली रीत तीच आहे. शेजारची मोठी मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली बसते, औद्योगिक वसाहतीत दुरुस्तीसाठी पुरवठा बंद होतो, आणि तो परत येताना कित्येकदा दोन-तीन वेळा येऊन-जाऊन मगच स्थिरावतो. पीएलसीच्या आयईसी 61131-2 या मानकात पुरवठा खंडित होण्याचा स्वतंत्र विचार आहे आणि त्यातील पीएस2 या श्रेणीत 10 मिलिसेकंदांपर्यंतचा खंड पीएलसीने निमूटपणे सोसावा अशी अपेक्षा असते. सामान्य सिंगल बोर्ड कॉम्प्युटरवर असे कोणतेही बंधन नसते. वीज जाण्याआधी कोणीतरी त्याला रीतसर बंद करील, हे त्याच्या रचनेतच गृहीत धरलेले आहे. ज्या जागी असे ‘कोणीतरी’ कधीच नसते तेथे हे काम सर्किटनेच केले पाहिजे.

यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे 24 व्होल्टच्या वाटेवर एक मोठा कपॅसिटर बसवणे. 10,000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 24 व्होल्टपासून 12 व्होल्टपर्यंत उतरताना जेमतेम 2.2 जूल ऊर्जा देतो, आणि कन्व्हर्टरची कार्यक्षमता 80 टक्के धरली तर 6 वॅटचा बोर्ड त्यावर 0.3 सेकंदही चालत नाही. क्षणिक खंड झेलण्यासाठी तो उपयोगी आहे, परंतु लिनक्स रीतसर बंद होण्यास कित्येक सेकंद लागतात, हे लक्षात घेतले तर तो येथे पुरा पडत नाही, हे उघड आहे. त्याऐवजी 2.7 व्होल्टचे, प्रत्येकी 25 फॅरडचे दोन सुपरकपॅसिटर एकसरीत जोडले, दोहोंवरचे व्होल्टेज समान ठेवणारे सर्किट त्यांना दिले आणि 5 व्होल्टपासून 3 व्होल्टपर्यंत त्यांतली ऊर्जा वापरली, तर 100 जूल मिळतात आणि तोच बोर्ड सुमारे 13 सेकंद चालतो. सुपरकपॅसिटरची क्षमता उष्णतेने व वयाने घटते, म्हणून गरजेच्या दुप्पट ऊर्जा धरून हिशोब करणे शहाणपणाचे ठरेल. यातला एक सापळा मात्र अनुभवी मंडळींनाही फसवतो: बोर्ड बंद होत असतानाच वीज परत आली, तर बोर्ड बंद होऊन तसाच राहतो आणि पुरवठा सुरू असूनही पुन्हा उठत नाही. म्हणून बंद होण्याची प्रक्रिया पूर्ण झाल्यावर बोर्डाचा पुरवठा काही सेकंद मुद्दाम तोडून पुन्हा जोडणारे स्वतंत्र देखरेख सर्किट आवश्यक आहे, आणि ते नसलेले सुपरकपॅसिटर म्हणजे एका दोषाच्या जागी दुसरा दोष होय.

सॉफ्टवेअरच्या बाजूचे काम तर जवळपास फुकटात होणारे आहे, आणि तरीही तेच टाळले जाते. मूळ प्रणालीचा भाग फक्त वाचण्यापुरता ठेवून त्यावरील सर्व बदल मेमरीतच ठेवणारी ओव्हरले व्यवस्था रास्पबेरी पायच्या प्रणालीत काही कळा दाबून सुरू करता येते. तात्पुरत्या नोंदी मेमरीत राहू देणे, मोजमापांची माहिती वेगळ्या विभागात ठेवणे आणि दर सेकंदाला एक ओळ लिहिण्याऐवजी काही मिनिटांची माहिती एकत्र लिहिणे, एवढ्यानेही लिखाण आणि धोका दोन्ही कमी होतात. प्रोग्राम अडकला तर बोर्ड स्वतःहून पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग टायमर चिपमध्ये मुळातच आहे, तो फक्त चालू करावा लागतो. असे असूनही विद्यार्थ्याने घरी डाउनलोड करावी तशी प्रणाली जशीच्या तशी कार्डावर चढवून, डेस्कटॉपसकट, ग्राहकाच्या पॅनेलमध्ये पाठवण्याची पद्धत अजून चालू आहे. याला मेमरीचे भाव जबाबदार नाहीत.

याचा दोष केवळ उत्पादकांवर टाकणे मात्र अन्यायाचे होईल, कारण खरेदी करणाऱ्यांनीही या निष्काळजीपणाला बक्षीस दिले आहे. निविदांमध्ये प्रोसेसरचा वेग किती, कोअर किती, मेमरी किती, याच्या अटी बारकाईने लिहिलेल्या असतात. वीज अचानक गेल्यास संच कसा वागला पाहिजे, याविषयी मात्र एक ओळही नसते. बोर्डाचे सीई प्रमाणपत्र जोडण्याचा आग्रह धरला जातो, जणू त्या एका कागदाने संपूर्ण संचाची हमी मिळते. प्रत्यक्षात तोच बोर्ड वेगळ्या एसएमपीएससह, रिलेंसह आणि लांब वायरींसह पेटीत बसवला की ते संपूर्ण उत्पादन नव्याने तपासणे ही उत्पादकाची जबाबदारी असते आणि बोर्डाचा कागद तेथे पुरत नाही. ज्याने सुपरकपॅसिटर, देखरेख सर्किट आणि चांगली साठवणूक यांचा खर्च किमतीत धरला, तो सर्वांत कमी दराच्या स्पर्धेत मागे पडतो, आणि ज्याने ते वगळले त्याला काम मिळते; मग सहा महिन्यांनी तेच अधिकारी ‘हे छोटे बोर्ड भरवशाचे नसतात’ असा शेरा मारतात. कागद मागायचा आणि चाचणी मागायची नाही, ही पद्धत ज्यांनी घालून दिली त्यांना हा शेरा मारण्याचा अधिकार पोचत नाही.

अधिकारी बदलतील याची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही, कारण ही चाचणी मागण्याची वाट न पाहता उत्पादकाला स्वतःच करता येते. संचाच्या पुरवठ्यात एक रिले बसवून तो सरासरी दीड मिनिटाला एकदा, पण ठरावीक नव्हे तर अनियमित क्षणी, वीज तोडील अशी योजना करावी, म्हणजे कधी बोर्ड सुरू होत असताना, कधी माहिती लिहीत असताना, तर कधी बंद होत असताना वीज जाईल. अशा 1000 खंडांना 25 तास लागतात, म्हणजे एक दिवस, एक रात्र आणि वर एक तास. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, परवाना लागत नाही आणि एका परत आलेल्या संचासाठी परगावी पाठवाव्या लागणाऱ्या तंत्रज्ञाच्या प्रवासखर्चाइतकाही खर्च येत नाही.

म्हणून भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली आणि जेथे जेथे हे बोर्ड उत्पादनांत बसवले जातात तेथील प्रत्येक व्यावसायिकाला या मासिकाचे आवाहन आहे की, पुढचा संच कारखान्याबाहेर पडण्यापूर्वी त्याच्या एका नमुन्याने हे 1000 खंड पार केलेले असावेत आणि त्याची नोंद पावतीबरोबर ग्राहकाच्या हाती जावी. त्या नोंदीत किती वेळा वीज तोडली, किती वेळा संच आपणहून उठला आणि शेवटी माहितीत काही गळाले का, एवढ्या तीन गोष्टी पुरेशा आहेत. ज्यांचा संच नापास होईल त्यांनी तेही लपवू नये; ज्यांनी त्यावर मात केली त्यांनी आपले सर्किट आणि मांडणी या मासिकाकडे पाठवावी, ती येथे व्यवसायबंधूंसाठी छापली जाईल. मेमरीचे भाव उद्या उतरतील किंवा आणखी चढतील, त्यावर कोणाचेच नियंत्रण नाही; पण आयसोलेटर आज संध्याकाळीही खाली ओढला जाणार आहे, आणि उद्या सकाळी तो वर केल्यावर संच उठेल की नाही, हे पूर्णपणे उत्पादकाच्या हातात आहे.