पेरूला आरोपीच्या पिंजऱ्यात कोणी उभं केलं?

गेल्या हिवाळ्यात राहात्याजवळच्या एका गावात आमच्या गटाची बैठक होती. पेरूचा हंगाम होता. बैठकीला आलेली एक मैत्रीण शिर्डी रस्त्याच्या कडेला पाटी मांडून पेरू विकते. येताना ती ओचा भरून पेरू घेऊन आली, चिरले, तिखट-मीठ लावलं आणि सगळ्यांना वाटले. स्वतः मात्र एक फोडही घेतली नाही. विचारलं तर म्हणाली, "ताई, मी विकते, खात नाही. वजन कमी करायचंय ना. फळात साखर असती म्हणं."

कोण म्हणतं? गावात वजन कमी करायची पावडर विकणारी एक बाई येते, ती म्हणते. रात्रीचं जेवण सोडायचं, पावडर दुधात घालून प्यायची, फळ बंद. पावडरीला महिन्याला दोन-अडीच हजार. हे सांगता सांगता मैत्रिणीने बैठकीतला चहा घेतला. गोड, दाटसर, दोन चमचे साखरेचा. दिवसातला तो तिचा चौथा कप होता. त्या चहाबद्दल पावडरवाली काही बोलली होती का? नाही. दवाखान्यातून मिळालेला आहाराचा छापील कागदही तिने दाखवला. त्यावर केळी, चिकू, सीताफळ, आंबा, द्राक्षं यांच्यापुढे फुल्या होत्या. चहाचा उल्लेखच नव्हता.

मैत्रिणींनो, हा लेख त्या फुल्यांविरुद्ध आहे.

आधी हिशेब मांडू. हिशेब बाईच्या हातात असला की तिला घाबरवणं अवघड जातं. दीडशे ग्रॅमच्या एका पेरूत साधारण तेरा ग्रॅम साखर असते. त्याबरोबर सात-आठ ग्रॅम तंतू, भरपूर पाणी आणि क जीवनसत्त्व. सगळा पेरू मिळून शंभर कॅलरींच्या आसपास. आता चहा. कपाला दोन चमचे, चमच्यात पाच ग्रॅम, दिवसाला चार कप: चाळीस ग्रॅम साखर. म्हणजे तीन पेरूंतली साखर, आणि तिच्यासोबत तंतू शून्य, चावणं शून्य, पोट भरणं शून्य. थंड पेयाच्या तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमहून अधिक साखर असते. लग्नात, पाहुणचारात ती नाकारणं असभ्यपणाचं मानतात. पेरू नाकारला तर मात्र "किती संयम आहे हो" असं कौतुक होतं.

कोणी म्हणेल, साखर ती साखर, फळातली काय आणि डब्यातली काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल द्यायचं कारण नाही. रेणू तेच आहेत. फळातही ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि उसात असते तीच साखर असते. फरक आहे तो साखर कशात बांधलेली आहे याचा. फळात ती पेशींच्या आत, तंतूंच्या जाळ्यात असते. चावावं लागतं, वेळ लागतो, पोट भरतं, रक्तात साखर हळूहळू उतरते. 1977 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्याच माणसांना सफरचंद एकदा अख्खं, एकदा लगदा करून आणि एकदा रस काढून दिलं. साखर तेवढीच. रस सगळ्यात कमी वेळात संपला, सगळ्यात कमी पोट भरलं. अख्ख्या सफरचंदाने सगळ्यात जास्त समाधान दिलं. आपल्या आज्यांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक होतं. ऊस चावून खाल्ला तर दोन कांड्यांत जबडा थकतो. रसवंतीवर त्याच उसाचा पेला दोन मिनिटांत रिकामा होतो.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली साखरेची मर्यादा सांगितली तेव्हा ती 'मोकळ्या' साखरेची सांगितली: दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी, जमल्यास पाच टक्क्यांहूनही. दोन हजार कॅलरींच्या आहारात दहा टक्के म्हणजे पन्नास ग्रॅम, पाच टक्के म्हणजे पंचवीस. या मोकळ्या साखरेत वरून घातलेली साखर येते, मध येतो, पाक येतो आणि फळांचा रससुद्धा येतो. अख्ख्या ताज्या फळातली साखर त्यात धरलेलीच नाही. आणि बायांनो, गूळ मात्र आहे. रस्त्यारस्त्यांवर 'गुळाचा चहा' अशा पाट्या लागल्या म्हणून गुळाची गोडी निष्पाप होत नाही. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दोन हजार कॅलरींचं जे ताट आखून दिलं आहे त्यात रोज शंभर ग्रॅम फळ सांगितलं आहे. तेव्हा फुली मारणारा कागद देशाच्या पोषण संस्थेच्या सल्ल्याविरुद्ध जातो आहे, हे त्या कागदवाल्यांना विचारायची आपली हिंमत हवी.

मग ही भीती आली कुठून? अमेरिकेत 1980 च्या दशकात शीतपेयांमध्ये मक्यापासून काढलेला फ्रुक्टोजचा पाक सर्रास वापरला जाऊ लागला. त्या पेयांचे दुष्परिणाम अभ्यासले गेले, फ्रुक्टोज हा शब्द बदनाम झाला. फळात फ्रुक्टोज असतं एवढंच ऐकून बाटलीचा गुन्हा फळाच्या माथी मारला गेला. तिकडच्या बाटलीची शिक्षा इकडच्या पेरूला.

पण भीती नुसती गैरसमजातून टिकत नाही. ती कोणाच्या तरी सोयीची असावी लागते. घरात फळ कोणासाठी येतं, आठवून पाहा. आजाऱ्यासाठी, पाहुण्यांसाठी, देवासाठी, मुलांसाठी. कापणारी बाई साल आणि बी भोवतीचा गर चोखते. 'फराळ' हा शब्द फलाहारापासून आला, पण बाईच्या उपासाच्या ताटात फळ किती आणि साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा किती? जी शेवटी जेवते, उरलेलं जेवते, तिला आता विज्ञानाच्या नावाने सांगितलं जातं की फळ तुझ्यासाठी नाहीच. घराची सोय झाली. पावडरवाल्यांचीही झाली, कारण फळ खाऊन पोट भरलं तर पावडर कोण घेईल? आणि बाईला वाटतं, हा त्याग तिने स्वतःच निवडला आहे.

आपला जिल्हा साखरेचा आहे. लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना 1950 साली सुरू झाला, त्याचा अभिमान आपण शाळेपासून शिकलो. पण ही साखर ज्या बायकांच्या कोयत्याने तोडली जाते त्या बीडहून, पाथर्डी-जामखेडहून येतात. 2019 साली विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातला आकडा आला: पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. ज्या साखरेची किंमत बाईचं शरीर अशी मोजतं, ती साखर चहात, शिऱ्यात, पेढ्यात विनाचौकशी चालते. चौकशी होते ती पेरूची.

आता आपल्याच चळवळीला दोन शब्द. आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो की बारीक होण्याचा हट्ट ही बाजाराने लादलेली गुलामी आहे. लग्नाच्या मुलीला 'जरा कमी कर' म्हणणाऱ्यांशी आपण भांडलो, ते योग्यच होतं. पण गुडघे धरलेली, रक्तदाब वाढलेली, साखरेची गोळी सुरू झालेली बाई आपल्याकडे आली आणि म्हणाली, "मला वजन उतरवायचंय," तेव्हा आपण तिला सौंदर्याच्या राजकारणावर भाषण दिलं. तिला उत्तर हवं होतं. ते पावडरवालीने दिलं, चुकीचं दिलं, पण तिच्या ओट्यावर बसून दिलं. आपल्या गप्प बसण्याने ती जागा मोकळी झाली, हे मान्य करायला हवं.

आणि प्रश्न खरा आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 24 टक्के स्त्रियांचं वजन जास्त आहे. त्याच पाहणीत 57 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि जवळपास 19 टक्के हडकुळ्या आहेत. हे तीन वेगवेगळे गट समजू नका. जाड दिसणाऱ्या बाईचंही रक्त कमी असतं. आमच्या पेरूवाल्या मैत्रिणीचं तसंच निघालं. भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करतं आणि जेवणावरचा चहा त्यात अडथळा आणतो. म्हणजे बाजरीची भाकरी, मेथी आणि अर्धा पेरू किंवा लिंबाची फोड, असं तिचं जेवण असायला हवं होतं. तिला सांगितलं गेलं पेरू सोड. चहा सुरूच राहिला.

दुसऱ्या टोकालाही जायला नको. फळ हे वजन उतरवायचं औषध नाही. अमेरिकेत एक लाख तेहतीस हजार माणसांच्या कित्येक वर्षांच्या नोंदींवरून 2015 साली निघालेला निष्कर्ष असा, की रोजच्या आहारात एक वाढीव वाटा फळ घेणाऱ्यांचं वजन चार वर्षांत सरासरी पाव किलोने कमी भरलं. बस, एवढंच. पण वाढलं नाही, हेही तितकंच खरं. डेन्मार्कमध्ये नुकताच मधुमेह निघालेल्या 63 जणांचे दोन गट केले. एकाला रोज जास्तीत जास्त दोन फळं, दुसऱ्याला कमीत कमी दोन. बारा आठवड्यांनी, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, दोन्ही गटांच्या रक्तातल्या साखरेत फरक पडलेला दिसला नाही आणि जास्त फळं खाणाऱ्यांचं वजन उतरायचं थांबलं नाही. तेव्हा मधुमेह असलेल्या बाईनेही फळ सोडायचं नाही, मोजायचं. एका वेळी एक मध्यम फळ. पोटभर जेवणावर आणखी आंबा नको, भाकरी थोडी कमी करून त्या जागी फळ. रस नको. खजूर, मनुका मूठभर खायची गोष्ट नाही. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच, आणि गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

"फळं परवडतात कोणाला?" हा आक्षेप मला प्रत्येक गावात ऐकू येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मजुरीवर जगणाऱ्या घरात सफरचंद येत नाही. पण सफरचंदच कशाला? आपल्या जिल्ह्यात राहात्याचे पेरू आहेत, संगमनेरकडे डाळिंबं आहेत, अकोल्याच्या डोंगरात करवंदं-जांभळं आहेत, पाथर्डीच्या माळावर बोरं आणि सीताफळं आहेत. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांसाठी 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. परसातलं झाड हे बाईच्या हातातलं अन्न आहे, हे त्यांनी करून दाखवलं. आणि पावडरीला महिना दोन हजार निघत असतील, तर पैसा नाही असं नव्हे, तो पैसा बाईच्या भीतीवर खर्च होतो आहे.

एक काम सुचवते. पुढच्या बचत गटाच्या बैठकीत दोनच प्रश्न विचारा. काल तुमच्या घरात फळ आलं असेल तर ते कोणी खाल्लं? आणि काल तुम्ही चहातून किती चमचे साखर घेतली? उत्तरं फळ्यावर लिहा, नावाशिवाय. आमच्या बैठकीत लिहिली तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही. मग चहाची साखर निम्मी करायचं ठरलं, एकमेकींच्या साक्षीने. कारण घरात एकटीने कमी गोड चहा केला की सासूपासून नवऱ्यापर्यंत सगळे तोंड वाकडं करतात.

निघताना त्या मैत्रिणीने पाटीतला एक पेरू उचलला, पदराला पुसला आणि दातांनी तोडला. "गोड हाय," म्हणाली, आणि मग जरा दचकून, "चालंल ना?"

बाई, तू पिकवलेलं, तू वाहिलेलं, तू विकलेलं फळ आहे. ते खाण्यासाठी परवानगी मागायची वेळ तुझ्यावर आली, वजन करायचं असेल तर त्याचं करू.