कप कुठला, कप्तान कोण?

आपण पवनीचे पोट्टे वैनगंगेच्या वाळूत फळकुटाची बॅट करून खेळलो. मॅट्रिक झालो, गोदीत लागलो, पण पालवणकर बाळूचं नाव मला एकाही मास्तरानं सांगितलं नाही.

बाळू चांभाराचा पोरगा. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची देखभाल करायचा, साहेबांना सरावाला चेंडू टाकायचा. गोऱ्यांना हरवायचं म्हणून हिंदूंनी त्याला संघात घेतलं. मैदानात त्याच्या हातचा चेंडू सगळ्यांनी झेलला. चहाच्या वेळी मात्र बाळू बाहेर, आणि त्याचा चहा मातीच्या भांड्यात. अरे, चेंडू कशाचा होता? चामड्याचाच ना! चामडं चाललं, चांभार चालला नाही.

१९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात बाळूनं ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्याला दिलं नाही. घाम तुझा, हुकूम आमचा. गोदीत आम्ही हेच रोज बघतो.

तिकडं अमेरिकेत वेगळं काय होतं? फळीवर उभं राहून लाटेवर स्वार व्हायचं, त्या खेळाला सर्फिंग म्हणतात. कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला काळ्यांच्या वाट्याला किनाऱ्याचा एक तुकडा होता. गोरे त्याला हिणवून 'शाईची दौत' म्हणत. निक गॅबाल्डन हा काळा तरुण तिथं लाटा शिकला. चांगल्या लाटा होत्या मालिबूला, सुमारे १२ मैलांवर. तेवढं अंतर तो फळीवर पालथा पडून, हातानं पाणी कापत जायचा. जून १९५१ मध्ये मालिबूच्याच धक्क्याला आदळून तो मेला. वय २४.

बाळूचं मातीचं भांडं खेळाच्या नियमात कुठं लिहिलं नव्हतं. काळ्यांचा तुकडाही वहिवाटीनंच ठरला होता. लिहिलेला कायदा फाडता येतो, जाळता येतो. वहिवाट हसतहसत गळा धरते. तिला नकारच द्यावा लागतो.

तो नकार बाळूच्या भावांनी दिला. १९२० साली बाळूला पुन्हा डावललं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम जाहीरपणे संघाबाहेर पडले. मग कुठं बाळू उपकप्तान झाला. १९२३ साली विठ्ठल कप्तान झाला. ११४ बळींनी जे मिळालं नाही, ते दोन माणसांच्या 'खेळत नाही'नं सुरू झालं.

म्हणून दोस्तांनो, उद्या कुणी खांद्यावर हात टाकून म्हणालं, "आमच्या टीममध्ये तुमचाही एक आहे," तर भाळू नका. तोंडावर विचारा : कप कुठला? कप्तान कोण?